गृहीत धरलेलं पाणी

मृणाली बैसाणे मूळची धुळ्याची. वडील देवचंद बैसाणे एसटीत कंडक्टर होते, आई केसरबाई अंगणवाडीत मदतनीस. देवपुरातल्या छोट्या घरात ती वाढली, आधी पॉलिटेक्निक, मग डिग्री असं करत इंजिनिअर झाली आणि नोकरीसाठी जळगावला आली. धाकटा भाऊ रविंद्र सुरतेला कापड मिलमध्ये लागला होता. एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात ती कंट्रोल पॅनल बनवायची. डाळमिल असो, शीतगृह असो की पाण्याची मोठी मोटर, भिंतीला एक लोखंडी कपाट असतं, आत वायरी आणि स्विच, तेच पॅनल. राहायला पिंप्राळ्यात भाड्याची खोली होती. शनिवारी काम सुटलं की ती धुळ्याची बस धरायची आणि सोमवारी पहाटे परत यायची.

पुढे शिकायचं तिच्या डोक्यात नव्हतं. ते एका शीतगृहामुळे आलं. सावद्याकडच्या एका शेतकऱ्याने केळी ठेवायला शीतगृह बांधलं होतं. पॅनल मृणालीच्या कारखान्याचं, गारव्याची यंत्रं दुसऱ्याची, बांधकाम तिसऱ्याचं. चालू केल्यावर आठवड्याभरात आतली केळी काळी पडायला लागली. तिघांनाही बोलावणं आलं. मृणालीने पॅनल उघडून दाखवलं. एकही वायर चुकीची नव्हती. यंत्रवाल्याने यंत्र चालवून दाखवलं. बांधकामवाल्याने भिंतीवर हात आपटून दाखवला. प्रत्येकाने सांगितलं, आमचं बरोबर आहे.

मालक शांतपणे ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "तुम्हा सगळ्यांचं बरोबर आहे. मग माझी केळी का काळी पडली?"

चहा झाला, आणि तिघं तीन गाड्यांनी परत निघाले. पुढे कळलं की दाराच्या आत बसवलेला तापमापक यंत्राच्या वाऱ्यासमोरच होता, त्यामुळे खोली गार व्हायच्या आधीच पॅनल यंत्र बंद करत होतं. तापमापक कुठे बसवायचा हे तिघांपैकी कुणाचंच काम नव्हतं. मृणालीला ते मालकाचं वाक्य बरेच दिवस छळत राहिलं. तिला राग असा कुणाचा आला नव्हता. सगळे बरोबर असताना काम बिघडतं तेव्हा ते बघायचं कुणी, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

त्याच सुमारास मोबाइलवर एक जाहिरात दिसली. दक्षिणेतल्या एका संस्थेचा सिस्टिम्स इंजिनिअरिंगचा मास्टर्स, पूर्ण ऑनलाइन, नोकरी करणाऱ्यांसाठी. तिने अभ्यासक्रम वाचला. अनेक भाग जोडून एखादी मोठी गोष्ट उभी राहते तेव्हा आधी ती कुणाला कशासाठी हवी आहे हे विचारायचं, मग भागांची वाटणी करायची, दोन भाग जिथे एकमेकांना चिकटतात तिथे लक्ष ठेवायचं, आणि शेवटी जे मागितलं होतं तेच उभं राहिलं का हे तपासायचं. हे सगळं शिकवणारा विषय आहे हेच तिला माहीत नव्हतं.

कारखान्याचे मालक ललितभाऊ म्हणाले, "कर. कामाच्या वेळात मात्र नको."

केसरबाईंनी शेजारी सांगितलं की पोरगी कॉम्प्युटरचं मोठं शिक्षण घेतेय. मृणालीने एकदा दुरुस्त करायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. देवचंदनानांनी फी किती एवढंच विचारलं. तिची तिशी उलटून गेली होती, दोन ठिकाणी लग्नाचं बोलणं होऊन मोडलं होतं. घरात तो विषय कुणी काढत नसे, आणि या शिक्षणामुळे तो न काढायला एक कारणही मिळालं.

वर्ग शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी असायचे. शनिवारचा वर्ग बऱ्याचदा बसमध्येच सुरू व्हायचा. कानात इअरफोन, मांडीवर बॅग. एरंडोल सोडलं की शिक्षकांचा आवाज तुटायला लागायचा, पारोळ्याला परत यायचा, तोवर मधला एखादा मुद्दा निघून गेलेला असायचा. तो मग ती आठवड्यात रेकॉर्डिंग बघून भरून काढायची. या मार्गावरचे जुने कंडक्टर तिला ओळखायचे. देवचंदभाऊंची मुलगी म्हणून पुढची जागा द्यायचे आणि मोबाइलकडे बघून विचारायचे, "सिनेमा का?"

वर्गातले बाकीचे लोक मोठ्या कामांतले होते. एक जण विशाखापट्टणमला जहाजांच्या कामावर, एक बाई बेंगळुरूला उपग्रहांच्या, पुण्याचा एक जण मोटारींच्या कंपनीत. ओळखी करून द्यायच्या पहिल्या तासाला मृणालीने आपलं डाळमिलीचं सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही. पण पुढे गटात काम वाटताना तिच्याकडे बहुतेक वेळा आकृत्या नीट काढून द्यायचं काम यायचं. ती ते चोख करायची. पहिल्या वर्षाचे गुण बरे आले.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला नानांच्या पायांना सूज आली. रक्तदाब त्यांना जुनाच होता, गोळ्या कधी घ्यायचे, कधी विसरायचे. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली आहेत, डायलिसिस लागेल. देवपुरातच एका ट्रस्टने पहिल्या मजल्यावर डायलिसिसचं केंद्र काढलं होतं. खाली दुकानं, वर केंद्र. मंगळवार, गुरुवार, शनिवार असे नाना तिथे जाऊ लागले. हातात जाड सुया, रक्त यंत्रातून फिरून परत अंगात, चार तास खुर्चीत बसून राहायचं. केसरबाई बरोबर जायच्या आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या. शनिवारी कधी सुट्टी जुळली तर मृणाली.

तिथे बसून बसून तिला ते केंद्र समजायला लागलं. रक्तातली घाण काढायला यंत्राला खूप पाणी लागतं, आणि तेही साधं नव्हे, अगदी शुद्ध केलेलं. मागच्या खोलीत त्यासाठी शुद्धीकरणाचा प्लांट होता. वीज गेली तर जनरेटर होता, पण तो सुरू व्हायला वेळ लागायचा. शेवटच्या सत्रासाठी प्रकल्प निवडायची वेळ आली तेव्हा तिने मार्गदर्शक मॅडमना हाच विषय कळवला: लहान शहरातल्या डायलिसिस केंद्राचा पाणी आणि विजेचा भरवसा. मॅडमना तो आवडला. ट्रस्टने परवानगी दिली. केंद्र बघणाऱ्या रत्ना सिस्टरनी अट घातली ती एकच, पेशंटना त्रास व्हायला नको.

या शिक्षणात काहीही उभारायच्या आधी, ते वापरणाऱ्यांना काय हवं ते विचारावं लागतं. मृणालीने पेशंटच्या मुलाखती ठरवल्या. संमतीचे कागद छापून आणले आणि रविवारी दुपारी घरात बसून ते लावत होती, तेवढ्यात नाना येऊन समोर बसले.

"हाई काय शे?" त्यांनी विचारलं. घरात ते अहिराणीतच बोलायचे.

तिने समजावून सांगितलं. केंद्रावरच्या सगळ्या पेशंटना काही प्रश्न विचारायचे, उत्तरं प्रकल्पात लिहायची.

"त्यामा मी बी शे?"

"हो नाना. नाव नाही येणार. फक्त पेशंट म्हणून."

नानांनी एक कागद उचलून बघितला आणि परत ठेवला. "माले नको लिखू," ते म्हणाले. "बाकीना लोक शेत ना."

"पण का?"

"आठवडामा तीन दिन त्या मनं वजन करतस, सुई टोचतस, बठ्ठं लिखी लेतस. घर उनू का मी तुना बाप शे. घर बी माले पेशंट करू नको."

घरी आल्यावर त्यांना फक्त तिचा बाप असायचं होतं. मृणालीने वाद घातला नाही. सगळ्यांत जास्त माहिती त्यांच्याकडूनच मिळाली असती, हे तिला ठाऊक होतं. ती थोडी खट्टू झाली. एक कागद बाजूला काढला आणि बाकीचे पिशवीत भरले.

मुलाखती झाल्या. लोकांनी पाण्याबद्दल फारसं काही सांगितलं नाही, ते मागच्या खोलीत असतं एवढंच त्यांना माहीत होतं. कुणाला गावाहून यायला बस वेळेवर मिळत नव्हती, कुणाला पंखा थेट अंगावर नको होता. तिने सगळं लिहून घेतलं, आणि मग आपला आराखडा तयार केला. शुद्धीकरणाचा दुसरा प्लांट, बॅटरी, आपोआप सुरू होणारा जनरेटर. केंद्राची एक मोठी आकृती काढली: चौकटीच्या आत सगळी यंत्रं, कोणतं कशाला जोडलंय, काय बंद पडलं तर काय होईल. चौकटीच्या बाहेरून एक बाण आत येत होता, त्यावर लिहिलं होतं ‘कच्चे पाणी’. खाली टीप: उपलब्ध आहे असे गृहीत. मॅडमनी आकृतीचं कौतुक केलं. ट्रस्टने मात्र खर्चाचं नाव काढताच हात वर केले. दुसरा प्लांट काही परवडणारा नव्हता.

त्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, डायलिसिसच्या दिवशी आली. बैसाण्यांच्या घरी आखाजी नसायची, पण कारखान्याला सुट्टी होती म्हणून मृणाली आदल्या दिवशीच धुळ्याला आली आणि सकाळी नानांबरोबर केंद्रावर गेली. खालची दुकानं बंद होती. मागच्या गल्लीतून पोरीबाळींचा आवाज येत होता. माहेरपणाला आलेल्या लेकींनी झोके बांधले होते.

नानांचं निम्म्याहून थोडं जास्त झालं असेल, तेवढ्यात एका यंत्राने टूं टूं सुरू केलं. मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. टेक्निशियन छगन मागच्या खोलीत पळाला आणि तसाच परत आला.

"सिस्टर, प्लांटला पाणीच येत नाहीये. वरची टाकी कोरडी आहे."

रत्ना सिस्टरनी एका क्षणाचाही वेळ घालवला नाही. त्यांनी एकेका खुर्चीपाशी जाऊन पेशंटचं रक्त अंगात परत सोडायला सुरुवात केली. घाई नव्हती, पण थांबणंही नव्हतं. नाना डोळे मिटून पडून राहिले होते.

वरची टाकी भरायची मोटर खाली, इमारतीच्या मीटर खोलीत होती. मृणाली खाली गेली तर खोलीला कुलूप. छगनकडून कळलं, हे कुलूप रोज सकाळी कौतिक नावाचा माणूस उघडायचा, मोटर लावायचा आणि टाकी भरली की परत कुलूप घालायचा. इतके महिने ती इथे येत होती, कागदावर केंद्राचा कानाकोपरा उतरवला होता, आणि हा माणूस तिला माहीत नव्हता. कौतिक आखाजीला साक्रीकडे आपल्या गावी गेला होता. आज लवकर येऊन मोटर लावतो म्हणाला होता, तो आला नव्हता. फोन लागत नव्हता.

इमारत झुंबरबाईंची होती. त्या मागेच राहायच्या. मृणाली त्यांच्या दारात गेली तेव्हा घर भरलेलं होतं; दोन लेकी, जावई, पुरणाचा वास.

"अक्का, मीटर खोलीची किल्ली पाहिजे होती. वर पाणी नाही."

"किल्ली कौतिककडेच असते," झुंबरबाई म्हणाल्या. "येईल तो. लवकर येतो म्हणाला होता."

"वर माणसं यंत्रावर आहेत. दुसरी किल्ली नाही का?"

"दुसरी मी ठेवलीच नाही. मुद्दाम."

"मग कुलूप तोडावं लागेल."

झुंबरबाईंचा चेहरा आवळला. "असं कसं तोडायचं? आत सगळ्यांची मीटरं आहेत. उद्या काही झालं तर दुकानवाले मला धरतील."

मृणालीला बोलता येत होतं बरंच काही. तिने फक्त विचारलं, "तुम्ही एकदा वर येऊन बघता का?"

झुंबरबाईंना यायचं नव्हतं, हे दिसत होतं. पण मोठी लेक म्हणाली, "जा ना माय," आणि त्या पदर सावरत निघाल्या. जिन्याच्या वरच्या पायरीवरच थांबल्या. आपल्याच इमारतीत काय चालतं हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच बघितलं. खुर्च्यांवर माणसं, हातांना पट्ट्या, बाजूला लाल नळ्या. त्या आत आल्या नाहीत. खाली उतरून त्यांनी जावयाला हातोडी आणायला सांगितली.

मोटर सुरू झाली. पण टाकीत पाणी चढणं, प्लांट धुऊन निघणं, पाण्याची तपासणी, यात दुपार झाली, आणि दुपारच्या पाळीचे पेशंट दारात येऊन थांबले होते. खुर्च्या तेवढ्याच. ज्यांचं सकाळी सगळ्यांत कमी झालं होतं त्यांना रत्ना सिस्टरनी ठेवून घेतलं, निम्म्याहून जास्त झालेल्यांना घरी पाठवलं. नाना घरी जाणाऱ्यांत होते. रिक्षात बसताना ते म्हणाले, "व्हयी जाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना धाप लागली. आडवं होता येईना. सरकारी दवाखान्यात भरती केलं, तिथे डायलिसिस झालं, आणि ते बसून चहा मागण्याइतके बरे झाले. मृणालीने रजा वाढवली. दवाखान्याच्या बाहेरच्या ओट्यावर बसून तिने मोबाइलवर आपली आकृती उघडली आणि ती टीप वाचली. उपलब्ध आहे असे गृहीत. वाक्य तिचंच होतं, त्या आकृतीचं मॅडमनी कौतुकही केलं होतं. तिला वाईट वाटण्यापेक्षा चीड आली, आणि ती कुणावर काढावी हे कळेना.

नाना घरी आल्यावर पुढच्या रविवारी ती पुन्हा झुंबरबाईंकडे गेली. या वेळी वही घेऊन.

"मुलाखत घ्यायची आहे, अक्का."

"माझी? मी काय पेशंट आहे?"

"नाही. तुमच्यामुळे केंद्राला पाणी मिळतं म्हणून."

झुंबरबाईंनी चहा ठेवला आणि मग मोकळेपणाने सांगितलं. केंद्र यायच्या आधी वर शिकवणीचा क्लास होता. तेव्हा मीटर खोली उघडीच असायची. कुणीतरी मोटर लावून निघून गेलं आणि टाकी रात्रभर वाहत राहिली. पाणी भिंतीतून खालच्या साडीच्या दुकानात उतरलं, लग्नसराईचा माल भिजला. दुकानदाराने भर बाजारात त्यांना बोल लावले. नवरा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्या दिवसापासून किल्ली एक, आणि ती एकाच माणसाकडे.

"हे तुम्ही ट्रस्टवाल्यांना सांगितलं होतं?"

"त्यांनी विचारलं नाही. भाडं वेळेवर देतात, मी कशाला बोलू?"

"टाकी भरली की मोटर आपोआप बंद झाली, टाकी उतरली की आपोआप लागली, तर चालेल?"

"तसं होतं का?"

तसं होतं. ते तर तिचं रोजचं काम होतं. ललितभाऊंनी जुना माल पडला होता त्यातून एक लहान पॅनल बनवू दिलं. मृणालीने टाकीत पाण्याची पातळी ओळखणारं साधन सोडलं, वायर मीटर खोलीपर्यंत आणली, आणि टाकी निम्म्यावर आली की केंद्रात घंटा वाजेल अशी सोय केली. छगनने वायर ओढायला मदत केली. झुंबरबाई टाकी भरून मोटर बंद पडेपर्यंत खाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. ती बंद पडल्यावर त्यांनी पुन्हा एकदा करून दाखवायला सांगितलं.

प्रकल्प तिने नव्याने लिहिला. चौकट मोठी केली. त्यात इमारत आली, मीटर खोली आली, झुंबरबाई आणि कौतिक आले. दुसरा प्लांट आणि बॅटरी शेवटच्या पानांवर गेली.

तोंडी परीक्षा धुळ्याच्या घरूनच दिली. केसरबाईंनी शेजारच्यांना टीव्ही हळू ठेवायला सांगितलं होतं. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "निदान चांगलं आहे. पण उपाय मास्टर्सच्या मानाने फार लहान आहे, असं नाही वाटत?"

"गरज तेवढीच निघाली, सर," मृणाली म्हणाली.

"आणि केंद्रावरचे एक नियमित पेशंट मुलाखतीत नाहीत. का?"

"त्यांनी नाही म्हटलं."

"कारण विचारलं नाही?"

"सांगितलं त्यांनी. पण ते प्रकल्पात लिहिण्यासारखं नाही."

मार्गदर्शक मॅडमनी विषय पुढे नेला. उपायाचे गुण कापले गेले. एकूण निकाल मधल्या श्रेणीत लागला. उपग्रहवाल्या बाईंचा प्रकल्प पहिला आला. मृणालीने त्यांना अभिनंदनाचा मेसेज केला आणि त्यांचा प्रकल्प मागवून वाचला. तो खरोखर चांगला होता.

पदवीने पगारात फार फरक पडला नाही. पुण्याहून एक बोलावणं आलं होतं, नानांच्या तब्येतीकडे बघून तिने ते नाकारलं. नाना त्यानंतर एक हिवाळा राहिले. गेले ते हृदयाच्या झटक्याने, घरी, सकाळी दाढी करून झाल्यावर. केंद्र त्या आठवड्यात सुरळीत चालू होतं. रत्ना सिस्टर आणि छगन अंत्ययात्रेला आले, झुंबरबाई तिसऱ्या दिवशी येऊन केसरबाईंजवळ बराच वेळ बसून गेल्या. रविंद्र सुरतेहून आला आणि पंधरा दिवस राहिला. आईला बरोबर न्यायचं त्याच्या मनात होतं, पण सुरतेला जायला केसरबाई तयार झाल्या नाहीत.

त्या आता पिंप्राळ्यात मृणालीजवळ असतात. सुरुवातीला त्यांना जळगाव अजिबात आवडलं नाही. इथलं बोलणं वेगळं, भाजी महाग, ओळखीचं कुणी नाही. मग खालच्या मजल्यावरच्या बेबाबाईंशी जमलं. दोघी रिक्षा करून मेहरूण तलावावर जातात, एक चक्कर मारतात आणि शेंगा खात बसतात.

मृणाली त्याच कारखान्यात आहे. फरक पडला तो कामाच्या पद्धतीत. नवं काम आलं की पॅनलला हात लावायच्या आधी ती जागेवर जाऊन येते आणि तिथे ज्या ज्या माणसाचा हात लागणार असतो त्याला भेटते. मालकाला, वायरमनला, रखवालदाराला. यात दिवस जातात, आणि ललितभाऊ अजून कुरकुर करतात. गेल्या महिन्यात एक डाळमिल हातून गेली, कारण दुसऱ्याने आठवड्यात पॅनल देतो म्हटलं. ललितभाऊ दोन दिवस तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. तिसऱ्या दिवशी चोपड्याच्या एका कापूस-जिनिंगवाल्याचा फोन आला, तो त्यांनी तिच्याकडे दिला.

"कधी देता?" पलीकडून विचारणा झाली.

"आधी येऊन बघते," ती म्हणाली, आणि बुधवारी सकाळची बस कधी आहे ते विचारायला स्टँडवर गेली.